सुधाकराचा राग कुणाकुणावर निघतो

‘एकच प्याला’ नाटकातला दारुडा सुधाकर मी करणार म्हटल्यावर गावात ज्याला त्याला एकच उत्सुकता होती: झिंगलेला माणूस कसा दाखवणार? कुणी चहाच्या टपरीवर चालून दाखवायचं, कुणी जीभ जड करून एखादं वाक्य म्हणायचं. आमच्या ग्रुपमधल्या पोरांनी तर मोबाइलवर जुन्या नटांचे व्हिडिओ पाठवायचा सपाटाच लावला. तालमी सुरू झाल्या आणि लक्षात आलं, की या भूमिकेत दारू हा सगळ्यात सोपा भाग आहे. तोल जाणं, डोळे तारवटणं हे अंगाला शिकवता येतं. सुधाकराचा ताठा मात्र महिनोन् महिने अंगात शिरत नाही, आणि एकदा शिरला की घरी गेल्यावरही लवकर उतरत नाही.

मी इचलकरंजीत सुताच्या एका पेढीवर दिवाणजी आहे. दिवसभर सूत गुंडाळलेले बीम, बाचकी, मजुरीचे हिशेब, आणि रात्री तालीम. आमची संस्था हौशी. बहुतेक मंडळी यंत्रमागावरची, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधली, दोन-तीन शिक्षक आणि एक बँकेतले निवृत्त कॅशियर. दरवर्षी एखादं नवीन नाटक करायचो. या वेळी सरांनी ‘एकच प्याला’ काढलं. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. शाळेत मराठी शिकवत शिकवत निवृत्त झालेले आणि गडकरी जवळजवळ तोंडपाठ असलेले.

शंभर वर्षं लोकांच्या तोंडात असलेलं नाटक करायचं म्हणजे अंगावर ओझं येतंच. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, अवघे ३३ वर्षांचे. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिलेली. बालगंधर्व सुधाकराची बायको सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. म्हणजे लेखकानं आपलं हे नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. सरांनी पहिल्या वाचनाच्या दिवशी हे सांगितलं आणि म्हणाले, “म्हणून त्याच्या वतीनं आपण नीट बघायचं.” मला ते वाक्य फार लागलं.

वाचनाला बरेच दिवस गेले. पाच अंकांची संहिता अडीच-तीन तासांत बसवायची तर कात्री लागणारच. पदं मोजकीच ठेवली, कारण सिंधू करणाऱ्या बाईंचा गळा चांगला असला तरी ऑर्गनवाला एकच आणि तोही कापड बाजारातला, लग्नसराईत मिळायचा नाही. सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाचे प्रवेश कापताना सगळ्यांचा जीव तुटला. त्याच्या दारुड्यांच्या टोळक्यात, आर्यमदिरामंडळात, प्रेक्षक हसून लोळतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सर मात्र ठाम होते. एक प्रवेश राहील, बाकीचे जातील. लोक तळीरामाला हसत राहिले की नाटक दारूचं होऊन बसतं, घराचं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

मग सरांनी मला एक काम दिलं. संहितेतल्या सुधाकराच्या प्रत्येक वाक्यापुढं पेन्सिलनं लिहायचं, की हे वाक्य तो कुणाला म्हणतो आणि तो माणूस त्याच्या वरचा आहे, बरोबरीचा आहे की खालचा. इतकंच. भाव लिहायचा नाही, आवाज लिहायचा नाही. मी पेढीवर दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, हे करत बसायचो. दोन अंक झाल्यावर पानं चाळली आणि मला नाटक नव्यानं दिसलं.

सुधाकर वरच्या माणसावर एकदाच भडकतो. तो हुशार वकील आहे, मानी आहे, आणि कोर्टात मुन्सफाशी त्याची खडाजंगी होते. त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. त्या एका भडक्याची किंमत तो भरतो आणि ती किंमत त्याच्या अंगात इतकी मुरते, की त्यानंतर त्याचा राग कधी वर चढतच नाही. उतारावरचं पाणी जसं आपोआप सखल जागा शोधतं, तसा तो राग घराकडे वळतो: बायको, तिचं माहेर, शेवटी पाळण्यातलं पोर. अपमान करणारा मुन्सफ कुठं तरी आपल्या खुर्चीवर सुखात बसलेला असतो. नाटकात पुढं त्याला कुणी जाब विचारत नाही.

हे सरांना दाखवलं तर ते खूश झाले आणि म्हणाले, “आता आवाज ठरव.” मग आम्ही ठरवलं: सनद जाईपर्यंत सुधाकराचा आवाज मोकळा, छातीतून येणारा. त्यानंतर पुरुषांशी बोलताना तो हळूहळू खाली आणायचा आणि सिंधूशी बोलताना वाढवायचा. प्रेक्षकाला कळू नये इतक्या हळू. चौथ्या अंकापर्यंत तो बाहेरच्या माणसांशी जवळजवळ पुटपुटत असतो आणि घरात ओरडत असतो. एका प्रयोगानंतर एक तरुण पोरगा येऊन म्हणाला, “आमच्या घरात असंच आहे, वडील फोनवर ‘हो साहेब, हो साहेब’ करतात आणि फोन ठेवला की आईवर खेकसतात.” मी त्याला काही बोलू शकलो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

पुरुषाला घर चालवता आलं नाही की तो का चिडतो, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमची पेढी हीच त्याची शाळा. आमच्याकडे खर्चीवाले येतात. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माग त्याचे, शेड त्याची, लाइटबिल त्याचं, सूत व्यापाऱ्याचं. तो बीम घेऊन जातो, कापड विणून आणून देतो आणि पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबानं त्याला पैशात मजुरी मिळते. मजुरी आणि लाइटबिल यांच्या मधल्या फटीत त्याचं घर असतं. गेल्या काही वर्षांत ती फट बुजत चालली. एअरजेट आणि रॅपिअर हे नवे वेगवान माग आले, साधे माग कितीतरी शेडमधून उचलून भंगारात वजनावर गेले. काल जो ‘शेट’ म्हणून हाक मारून घेत होता, तो आज दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीवर उभा राहतो.

अशी माणसं उचल मागायला येतात तेव्हा कशी वागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो. पण नट म्हणून पहिल्यांदाच पाहिलं. तो माणूस आत आला की आधी हसतो. कारण नसताना. मग पावसाचं बोलतो, पंचगंगेच्या पाण्याचं बोलतो, कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाचं बोलतो. बसा म्हटलं तर बसत नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. आणि चहा नको म्हणतो. एरवी दिवसाला दहा कप पिणारा माणूस, पण मागायला आला की चहा घेत नाही. चहा घेतला तर मागणं आणखी जड होतं, हे त्याला बरोबर कळतं. शेवटी उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं असं दाखवत, आकडा सांगतो. नाही म्हटलं की पुन्हा हसतो. ते दुसरं हसू मला आजही बघवत नाही.

दारू सोडल्यावर सुधाकर कामधंदा मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो आणि झिडकारला जातो, तो भाग आम्ही आमच्या संहितेत छोट्या प्रवेशासारखा बसवला. रंगमंचावर एक टेबल, एक रिकामी खुर्ची आणि पाठमोरा बसलेला माणूस. मी हे सगळं त्यात आणलं: कारण नसलेलं हसू, खुर्चीच्या पाठीवरचा हात, नाकारलेला चहा. पण काहीतरी खोटं वाटत होतं. तेव्हा आमचे दाजी मदतीला आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वतः खर्चीवाले होते. आठ माग होते, गेले. आता एका सायझिंगमध्ये रात्रपाळी करतात आणि ताई घरी शिलाई मशिनवर परकर-गाऊन शिवते. त्यांना नाटकाचं वेड पहिल्यापासून, म्हणून पाळी नसली की तालमीला येऊन कोपऱ्यात बसायचे. त्या दिवशी मी प्रवेश तीन-चारदा केला आणि थांबलो. दाजी उठून जवळ आले.

“पाव्हणं, एक बोलू का? तुम्ही हाताचं लई बरोबर करताय. पण माणूस मागायला गेला न्हवं, की त्याला घरची माणसं दिसत असतात. समोरचा दिसत न्हाई. तुम्ही त्या खुर्चीतल्या माणसाकडं बघताय. तसं न्हाई. मी त्या शेटकडं गेलो हुतो तवा मला सारखी तुमची ताई दिसत हुती. म्हणजे हा काय म्हणतोय त्यापेक्षा घरी जाऊन काय सांगायचं, ह्येच डोक्यात.”

सरांनी विचारलं, “मग घरी जाऊन काय सांगितलंत?”

दाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काय न्हाई सांगितलं. जेवणात मीठ कमी हुतं म्हणून ताट सारलं.”

तालमीच्या हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता. दाजींनीच मग विषय बदलला आणि तळीराम करणाऱ्या पोराला म्हणाले, “बाळा, तू जरा मोठ्यानं बोल, मागं ऐकू येत न्हाई.” पण त्या दिवसापासून तो प्रवेश बदलला. मी समोरच्या माणसाकडे बघणं सोडलं. त्याच्या नकाराचं वाक्य येतं तेव्हा सुधाकर मनानं घराच्या उंबऱ्याशी पोचलेला असतो.

पण या सगळ्यापेक्षा मला ज्या प्रवेशानं हलवलं तो शपथेचा. सिंधूचं माहेर खाऊनपिऊन सुखी आहे. घराची दशा ऐकून वडील आणि भाऊ तिला न्यायला येतात. भाऊ पद्माकर सुधाकराला नको ते सुनावतो. तेव्हा सुधाकर सिंधूला शपथ घ्यायला लावतो की माहेरच्या पैशाला ती हात लावणार नाही, आणि ती घेते. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद याच प्रसंगातलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ते पद ओव्यांसारखं गुणगुणतात.

सिंधू करणाऱ्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचं या नाटकाशी सुरुवातीपासून भांडण होतं. इतकी सोसणारी बाई त्यांना करायची नव्हती, आणि करायची तर तिला देवी करायचं नाही ही त्यांची अट होती. शपथेच्या प्रवेशाच्या तालमीत त्या पायाशी बसल्या आणि मान वर करून मला म्हणाल्या, “मी इथं शपथ घेते तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं? दुःख, पश्चात्ताप, की आणखी काही?”

मी म्हटलं, राग. सर म्हणाले, अपमान. त्यांना दोन्ही पटेना. आम्ही प्रवेश पुन्हा पुन्हा करून पाहिला. रागानं केला, रडवेला होऊन केला, दारूच्या अमलाखाली केला. एका खेपेला, ती पायांना हात लावते त्या क्षणी माझी पाठ आपोआप सरळ झाली. खांद्यावरचं उपरणं मी नीट केलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाई लगेच म्हणाल्या, “हेच. तुम्हाला बरं वाटतंय.”

आणि तेच खरं होतं. सनद गेल्यापासून या माणसाचं कुणीही ऐकलेलं नाही. कोर्टानं ऐकलं नाही, गावानं ऐकलं नाही, मेहुण्यानं तोंडावर पाणउतारा केला. आणि इथं एक माणूस, सगळे देखत असताना, त्याच्या शब्दाखातर भरल्या घरावर पाणी सोडतं. सगळ्या नाटकात सुधाकर सर्वांत सुखी कुठं असेल तर इथं. त्याचा मान त्याला परत मिळाला. तो मिळवून दिला सिंधूनं आणि त्याचे हप्ते फेडणार सिंधूच्या दंडातलं बळ, कारण पुढं ती लोकांची दळणं दळायला बसते.

हे सापडल्यावर मला नाटक करायची भीती वाटायला लागली, हे खरं सांगतो. दारुड्याची कीव येते, संतापलेल्या माणसाची भीती वाटते. पण बायकोच्या उपाशी राहण्यात स्वतःचा मान सांभाळला गेला म्हणून सुखावलेला पुरुष दाखवायचा, आणि तो प्रेक्षकांना परका वाटू द्यायचा नाही, हे काम वेगळंच होतं. आमच्या पुरुषांमध्ये त्यावरून वादही झाले. बँकेतले काका, जे सिंधूचे वडील बाबासाहेब करत होते, म्हणाले, “त्यानं स्वाभिमान राखला, त्यात वाईट काय? सासऱ्याच्या जिवावर जगायचं का?” प्रश्न चुकीचा नव्हता. माझं म्हणणं होतं, आणि आहे, की स्वतः न घेणं हा स्वाभिमान. तिनं घेऊ नये म्हणून तिला शपथेत बांधणं हा तिच्या भुकेवर राखलेला मान. सुधाकराला त्यातला फरक दिसत नाही, कारण घर आपण चालवतो म्हणजे घर आपलं, आणि घर आपलं म्हणजे घरातली भूकही आपल्याच हुकमातली, हे त्याला लहानपणापासून कुणी न शिकवता येत असतं.

बाईंनी दळणासाठी खरं जातं आणायला लावलं. सरांना थर्माकोलचं चाललं असतं. बाईंचं म्हणणं, खोटं जातं फिरवताना श्वास खोटा येतो. कबनूरहून एका घरातलं जुनं जातं टेम्पोनं आणलं, चार जणांनी उचलून स्टेजवर ठेवलं. त्याची घरघर सुरू झाली की माझी वाक्यं ऐकू येईनात, आणि सरांनी ठरवलं तेच राहू दे. सुधाकर बोलत राहील, जातं फिरत राहील, प्रेक्षकांना जे ऐकू येईल ते येईल. गडकऱ्यांच्या अनुप्रासावर जीव असलेल्या सरांनी हे करावं, याचं मला फार कौतुक वाटलं. आधी वेगळ्याच एका प्रवेशावर पडदा पाडून मध्यंतर घ्यायचं ठरत होतं. ते सरकवून आम्ही जात्याच्या प्रवेशानंतर घेतलं.

शेवटच्या अंकाबद्दल थोडंच लिहितो. काठीचा तो प्रसंग, ज्यात पोर जातं आणि सिंधू जखमी होते, आम्ही प्रत्येक हालचाल मोजून बसवला. काठी पोकळ, चिंध्यांचं बाळ, आणि दोन्ही वार प्रेक्षकांकडे पाठ करून. इतकं ठरवूनसुद्धा प्रत्येक वेळी हात गार पडायचे. त्यानंतर सिंधू पोलिसांपुढे खोटं बोलते, नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. या जागी बाईंनी पार्श्वसंगीत काढायला लावलं. जबानी देताना त्या फौजदाराकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात, एकसुरी आवाजात. “ही शेवटची वेळ, तुमचा मान मी राखतेय, हे त्याला दिसलं पाहिजे,” असं त्या म्हणाल्या. त्या नजरेसमोर उभं राहून पुढचा विषाचा प्याला हातात घेणं मला नटाचं काम म्हणून कधीच अवघड वाटलं नाही. दुसरं काही करताच येत नाही तिथं.

पहिला प्रयोग घोरपडे नाट्यगृहात झाला. ताई आणि दाजी पुढून चौथ्या रांगेत होते. तळीरामाला अपेक्षेप्रमाणे टाळ्या पडल्या. शपथेच्या प्रवेशात मी उपरणं नीट केलं तेव्हा पुरुषांच्या बाजूनं दोन-चार टाळ्या आल्या. सर नंतर म्हणाले, त्या टाळ्यांची त्यांना धास्ती होती आणि त्या याव्यात असंही वाटत होतं. बाईंनी मात्र त्या टाळ्या थांबेपर्यंत पायाशीच बसून राहायचं ठरवलं होतं, उठायचं नाही. आणि त्या बसून राहिल्या. टाळ्या थांबल्या.

प्रयोगानंतर विंगेत बरीच गर्दी झाली. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, दारूचे दुष्परिणाम छान दाखवलेत, शाळांमधून प्रयोग करा. मी त्यांना नम्रपणे म्हटलं की सुधाकरानं प्याला हातात घ्यायच्या आधीच त्याचा राग घराकडे वळलेला आहे. प्याला नसता तर त्यानं दुसरं काही धरलं असतं. त्यांना ते पटलं नाही. ताई आत आली, तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, तळव्यांवर जात्याच्या खुंट्यानं उठलेले फोड बघितले आणि विचारलं, “हळद लावली का?”

दाजींनी माझ्याशी फक्त नोकरीच्या प्रवेशाबद्दल बोलणं केलं. तिथं मी अजून घाई करतो, असं त्यांचं मत आहे. नकार ऐकल्यावर माणूस लगेच निघत नाही, दाराशी जाऊन चप्पल घालायला उगाच वेळ लावतो, कारण तेवढ्यात मागून हाक येईल अशी आशा असते. पुढचा प्रयोग हुपरीला आहे. तिथं सुधाकर चप्पल घालायला वेळ लावणार आहे.